पासपोर्टात नसलेलं गाव

मला गाव नाही. ही गोष्ट मी कधी कुणापासून लपवली नाही, पण शारजात राहायला गेल्यावर तिची मला लाज वाटावी असा सगळ्यांचा आग्रह दिसला. आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मराठी घराला एक गाव होतं. कुणाचं मालवणजवळ, कुणाचं वाईकडचं, कुणाचं नुसतं सांगण्यापुरतं. "तुमचं मूळ गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की मी म्हणायची, "परळ." "नाही हो, मूळ?" "मूळसुद्धा परळच." मग समोरचा माणूस कीव केल्यासारखं बघायचा आणि माझं टाळकं सटकायचं.

त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेला एका वर्षी 'माझं गाव' हा विषय ठरला, तेव्हा मी त्यात पडायचं नाही असं ठरवून टाकलं. स्मरणिकेच्या संपादक होत्या आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनीच म्हणायची. त्यांच्या यजमानांचा फराळाचा धंदा होता आणि ओळखीतल्या निम्म्या घरांत त्यांच्याच चकल्या जायच्या. वहिनी कामाला वाघ, मनानेही वाईट नाहीत, पण कागदावर त्यांची भारी श्रद्धा. व्हिसा, हेल्थ कार्ड, भाडेकरार, मुलांची प्रगतिपुस्तकं, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरांत तारखेनुसार लावलेलं. कागद नीट असला की मला झोप नीट लागते, असं त्या सांगायच्या. जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी नव्हतंच.

"तूपण लिही गं काहीतरी," त्या मला म्हणाल्या. "आर्टिकल्स कमी पडतायत."

"मला गाव नाही, वहिनी."

"मग मिस्टरांचं लिही."

"त्यांचं ते लिहितील. मला कशाला वेठीला धरता?"

माझा नवरा आठवडाभर अबुधाबीला असायचा. मी दुबईत रास अल खोरला पाइपांच्या एका गोदामाचं ऑफिस सांभाळायची. सुट्टीचा शुक्रवार एवढाच आमचा. गणपती जवळ आले की त्या सकाळी आम्ही चारपाच जणी वहिनींच्या स्वयंपाकघरात जमायचो. हातापेक्षा तोंडच जास्त चालायचं. खरं काम करायची ती वहिनींकडे राहून काम करणारी बाई. ती इंडोनेशियातली होती, तिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची. आधी उम्म अल कुवैनला एका अरबी घरात तिने दोन वर्षं काढली होती, मग वहिनींकडे आली. तिथून उचललेलं अरबी, टीव्हीवरून शिकलेलं हिंदी आणि वहिनींच्या ओट्यावरचं मराठी असं तिचं बोलणं होतं. खोबरं आणि गूळ ती आमच्याइतक्याच सवयीने ओळखायची, आणि तिच्या मोदकाच्या कळ्या आमच्यापेक्षा बारीक पडायच्या. हे आम्हाला कबूल करायला दोन वर्षं लागली.

एका शुक्रवारी मी पाहिलं की ती वाफेवरचा मोदक चाळणीतून नुसत्या बोटांनी उचलते. पाण्यात बोट बुडवणं नाही, फुंकर नाही.

"भाजत नाही का तुला?" मी विचारलं.

तिने डाव्या हाताची बोटं माझ्यापुढे धरली. टोकं चपटी होती आणि कातडं जाड. "मेरा गाव में सब औरत का ऐसा," ती म्हणाली. मग तिने ओट्यावर दोन बोटांनी हवेतलंच काहीतरी उचलून दाखवलं. मातीच्या भांड्यात मका भाजायचा. डाव्या हाताने दोनतीन गरम दाणे उचलून सपाट दगडावर टाकायचे आणि बोटं बाजूला व्हायच्या आत उजव्या हातातला दगड खाली यायला निघालेला असतो. दाणा चपटा होतो. पुन्हा दोनतीन दाणे. पहाटेपासून सगळ्या गावात हाच आवाज.

"अगं, हे तर पोहेच की! मक्याचे पोहे," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

"गाव कुठलं तुझं?" मी विचारलं.

उत्तर हॉलमधून वहिनींनी दिलं. "जावाची आहे गं ती. पासपोर्टवर आहे सगळं."

तिने पुढचा मोदक उचलला. फोन वाजला, वहिनी बोलण्यात गुंतल्या, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वो मेरा गाव नहीं, दीदी. वो एजंट का गाव."

दुपारी ती आमच्याकडे मोदकांचा डबा द्यायला आली आणि दारातच थांबली. मी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं. बसायला ती तयार नव्हती. मी ओरडल्यावर बसली.

तिचं बेट इंडोनेशियाच्या पार पूर्वेकडे. एजंट तिकडच्या मुली गोळा करून जहाजाने जावाला नेतो, आपल्या घरी ठेवतो आणि सगळ्यांचे पासपोर्ट आपल्याच शहराच्या नावाने काढतो. वयही त्याला हवं ते. तिच्याबरोबर तिची मावसबहीण निघाली होती. ती आखातातल्या दुसऱ्या एका शहरात कामाला लागली आणि वर्षाच्या आत तापाने गेली. शवपेटी परत पाठवली, ती पासपोर्टातल्या पत्त्यावर. त्या शहरात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. एजंटने हात वर केले. ती कुठे पुरली, पुरली की नाही, हेसुद्धा कुणाला माहीत नाही. गावात बातमी पोचायला वर्ष गेलं.

"मेरे को कुछ हुआ तो मैं भी उधर जाएगा," ती म्हणाली. "दीदी, आप किताब में सबका गाव लिखता है ना? मेरा लिखो. कैसे जाने का, वो लिखो."

"मी मराठीत लिहिणार. ते कोण वाचणार तिकडे?"

"आप पढ़ेगा. एक आदमी बस है."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. ज्या बाईला धडधडीत गाव आहे तिला कागद सांगतो तुझं ते गावच नाही, आणि ज्या मला गाव नाही तिला सगळे म्हणतात काहीतरी खरडून दे. ठीक आहे. मी लिहिणार होते.

तीन शुक्रवार ती दुपारी डबा घेऊन यायची आणि मी गोदामाच्या जुन्या डायरीत उतरवून घ्यायची. लेकीच्या शाळेच्या ॲटलासमध्ये आम्ही बेट शोधलं. एवढासा ठिपका होता, पण गाव त्यावर नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं तर लेक म्हणाली, "देअर्स नथिंग देअर, मम्मी. इट्स जस्ट ब्लू."

गाव डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून. डोंगर धुमसणारा. किनाऱ्यावर वाळू नाही, काळे गोटे. जमीन इतकी खडकाळ की भात होत नाही, मकाही जेमतेम. म्हणून पुरुष समुद्रावर जातात आणि मोठा मासा भाल्याने मारतात. होडीत एकही लोखंडी खिळा नसतो, सगळं लाकडी खुंट्यांनी आणि वेताने बांधलेलं. किनाऱ्यावर प्रत्येक होडीला स्वतःचं छप्पर आहे, आणि काही घरांपेक्षा ते बरं असतं. वीज नाही. आठवड्यातून दोनदा बेटाच्या दुसऱ्या टोकाहून ट्रक येतो, रस्ता वाहून गेला नसेल तर.

वाळवलेल्या माशाचे पट्टे डोक्यावर घेऊन बायका डोंगर चढतात. वर डोंगरकरी लोकांचा बाजार भरतो. तिथे पैसे चालत नाहीत. एक माणूस शिट्टी वाजवतो, त्याआधी कुणी वस्तूला हात लावायचा नाही. शिट्टी झाली की एका पट्ट्याला सहा कणसं, किंवा सहा केळी. दर सहाचाच. तिच्या आजीच्या वेळीही सहाच होता. मी हे वाचून दाखवलं तेव्हा माझा नवरा पहिल्यांदा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "आमच्या कंपनीला पाठवा रे कुणीतरी तिकडे."

समुद्रावर गेल्यावर माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं तर समुद्र ते ऐकतो आणि पुढे त्याच माणसाला बोलावतो. तिने मलाही बजावलं होतं, गावाचं नाव लिही, माणसाचं एकही लिहू नकोस. तो नियम मी आजही पाळते.

आणि समुद्रावर गेलेला माणूस परत आलाच नाही, देहही मिळाला नाही, तर गावकरी एक शंख आणतात. आतून कप्पे असलेला, पांढरा, वर तपकिरी पट्टे. तो कापडात गुंडाळून माणसाच्या जागी पुरतात. मग घरचे रडतात, जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. मावसबहिणीसाठी शंख पुरला नव्हता. म्हातारी माणसं म्हणाली, तिला समुद्राने नेलेलं नाही. त्यामुळे तिची आई अजून रोज तिचं ताट वाढत होती.

लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात मी फक्त वाट लिहिली. कुठल्या विमानतळावर उतरायचं, तिथून कुठलं जहाज, कुठल्या धक्क्यावर उतरून ट्रक पकडायचा, ट्रक जिथे वळतो तिथे उतरून किती चालायचं, आणि समोर दिसतं त्या गावाचं नाव. लेख वहिनींकडे दिला. त्यांनी वाचला, चष्मा काढला.

"छान आहे गं. पण हे मराठी मंडळ आहे. आपलं गाव नाही हे."

"माझं गाव म्हणून लिहा असं सांगितलंत. मी दत्तक घेतलंय असं समजा."

त्या हसल्या आणि लेख ठेवून घेतला. मला वाटलं, जिंकले.

स्मरणिका मुंबईच्या प्रेसमध्ये छापली जायची आणि गठ्ठे कुणाच्यातरी सामानातून यायचे. त्या वर्षी ते कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पोचले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलच्या दाराशी मी गठ्ठ्याची सुतळी कापली आणि आपला लेख उघडला. लेख होता. फक्त जिथे जिथे गावाचं नाव होतं तिथे तिथे जावातल्या एजंटच्या शहराचं नाव होतं. अकरा ठिकाणी. ते शहर समुद्रापासून आत, पार जमिनीवर आहे, आणि माझ्या लेखात तिथे होड्या उभ्या होत्या.

वहिनी गजरे वाटत होत्या. मी अंक त्यांच्यासमोर धरला.

"हो गं, तुला सांगायचंच राहिलं," त्या म्हणाल्या. "तू नाव चुकवलं होतंस. मी तिचा पासपोर्ट काढून चेक केलं. फॅक्ट्स तर करेक्ट हव्यात ना?"

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझी अब्रू वाचवली. मी तिथेच, गजऱ्यांच्या टोपलीशेजारी, त्यांना एजंटची आणि पेटीची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा उतरला, पण तो भलत्याच कारणाने.

"म्हणजे तिचा पासपोर्ट खोटा आहे असं आपण छापायचं? तिच्या व्हिसाचे स्पॉन्सर आम्ही आहोत. उद्या कुणी विचारलं तर? हे बघ, झालं ते बरंच झालं. खलास."

"माझ्या बाजूने खलास नाही," मी म्हटलं.

तीनशे अंक होते. अकरा ठिकाणी खोडणं शक्य नव्हतं. मी एकच जागा धरली, शेवटच्या परिच्छेदातली, वाट जिथे संपते ती. दारात टेबल लावलं, निळं बॉलपेन घेतलं आणि एकेका अंकातलं शहर खोडून वर गावाचं नाव लिहायला बसले. आत आरती सुरू झाली. उशिरा येणारे टेबलाशी थबकत होते.

"काय चाललंय काय?"

"शुद्धिपत्र," मी मान वर न करता सांगायची. "मिळाल्याशिवाय अंक न्यायचा नाही."

लोकांनी निमूटपणे रांग लावली. मराठी माणूस रांगेत उभा राहिला की कारण विचारत नाही.

प्रसादाच्या मोदकांचं ताट घेऊन ती आतून आली आणि माझ्यामागे थांबली. देवनागरी तिला येत नव्हतं, पण काय खोडलंय आणि का, हे तिला कळलं. ताट तिने माझ्या लेकीकडे दिलं, पदराला पुसावे तसे हात ॲप्रनला पुसले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. या वेळी मला ओरडावं लागलं नाही. मी देवनागरीत लिहायची आणि त्याखाली ती आपल्या लिपीत, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, तेच नाव लिहायची. सवय गेलेल्या बोटांत पेन नीट धरता येत नव्हतं. प्रत्येक अंकाला वेळ लागत होता. वहिनी दोनदा दाराशी आल्या, दोनदा परत गेल्या. तीनशेच्या तीनशे अंक आम्ही पुरे केले.

वहिनींनी माझ्याशी अबोला धरला. दहा दिवसांनी त्या बोलल्या त्या एवढंच सांगायला, की तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय, रिन्यू करणार नाही, तिकीट जावाचं काढतोय.

तिला परत जायचंच होतं. पण जावाला नाही. तिकडच्या विमानतळावर एजंटची माणसं उभी असतात, पासपोर्टातला पत्ता बघून बायकांना व्हॅनमध्ये भरतात, त्याच्या घरी नेतात आणि नव्या देशाच्या नावाने पुन्हा बाहेर पाठवतात. गावाकडे कुणाला जाऊ देत नाहीत, असं तिने ऐकलं होतं.  

मी वहिनींच्या दारात उभी राहिले. "तिकडे पाठवलंत तर कोजागरीला मी माईकवर उभी राहून सगळं वाचून दाखवीन."

"वाच. लोक दूध प्यायला येतात, ऐकायला नाही."

धमकी वाया गेली होती. मी माझ्या दाराकडे वळले आणि मग मला सुचलं. मी परत फिरले.

"वहिनी, एक सांगू? तुमच्या फोल्डरमध्ये एक चुकीचा कागद आहे. इतकी वर्षं तुम्ही तो नीट जपताय. मी असते तर मला झोप लागली नसती."

त्यांनी दार लावून घेतलं. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी, मी ऑफिसमधून येऊन कुलूप काढत असताना, समोरचं दार उघडलं आणि वहिनींनी तिकीट माझ्या हातात दिलं. जावाचं नव्हतं. माझ्या शेवटच्या परिच्छेदात होता तोच विमानतळ, पूर्वेकडचा.

"फॅक्ट्स करेक्ट हव्यात," त्या म्हणाल्या, आणि माझ्या तोंडावर पुन्हा दार लावलं.

तिला सोडायला आम्ही दोघी गेलो. वहिनींनी चकल्यांचा डबा दिला, साडी दिली, आणि पासपोर्ट स्वतःच्या हाताने तिला परत दिला. स्मरणिकेचा अंक, आमच्या पानाच्या पाठीवर माझा फोन नंबर लिहून, तिने कपड्यांच्या घडीत ठेवला होता. "पोचलीस की कळव हां," वहिनी म्हणाल्या.

"कुठे पोचल्यावर?" मी विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग त्यांनी गावाचं नाव घेतलं. उच्चार चुकला. तिने दुरुस्त केला. वहिनींनी पुन्हा म्हटलं, आणि ती आत गेली.

त्यानंतर काहीच कळलं नाही. पत्र नाही, फोन नाही. सहा महिन्यांनी वहिनी विचारायच्या थांबल्या. मी गोदामात बसून नको ते हिशेब करायची, की जहाज चुकलं असेल, त्या विमानतळावरही एजंटची माणसं असतील, पासपोर्ट बघून तिला परत फिरवलं असेल. मीच तिला एका कागदाच्या भरवशावर सोडलं, असं वाटायचं. असे दोन गणपती गेले. स्मरणिकेला नवे विषय आले, मी कशातच लिहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी एका शुक्रवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे कोवळा आवाज होता, हळू बोलणारा, अरबी आणि हिंदीची नुकती शिकलेली मोडतोड. ती उम्म अल कुवैनला एका घरात कामाला लागली होती, आल्याला चार महिने झाले होते. मॅडम बाहेर गेली होती म्हणून फोन करत होती.

"माझा नंबर कुणी दिला तुला?"

तिच्याकडे एक कागद होता. आमच्या पानाची झेरॉक्स. पाठीमागे माझा नंबर. बेटाच्या दुसऱ्या टोकाला झेरॉक्स मशीन आहे, गावातून बाहेर पडणारी प्रत्येक मुलगी तिथे थांबून एक प्रत काढून घेते, असं तिने सांगितलं. मूळ अंक शाळेच्या मास्तरांच्या पेटीत ठेवलाय. मराठीतलं कुणालाच वाचता येत नाही. खाली हाताने लिहिलेलं तेवढं येतं.

"आणि ती? जिने लिहिलं ती?"

ती पोचली होती. चकल्यांच्या डब्यासकट. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मावसबहिणीसाठी शंख मागितला. म्हातारी माणसं पुन्हा तेच म्हणाली, मुलीला समुद्राने नेलेलं नाही. ती होडीच्या छपराखाली जाऊन बसली आणि त्यांना म्हणाली, इथून ती होडीनेच गेली ना? परत आली नाही ना? मग समुद्रानेच नेली. महिनाभर ती तिथून हलली नाही. शेवटी त्यांनी शंख आणला. मावशीने ताट वाढायचं थांबवलं.

मी खुर्चीवर बसले. लेक विचारत होती, "मम्मी, हू इज इट?" आणि मी तिला हातानेच थांबवलं.

"दीदी," पलीकडून आवाज आला, "मेरा पासपोर्ट में भी वोही शहर."

"असू दे," मी म्हटलं. "तुझं गाव कुठलं?"

तिने कुजबुजून सांगितलं. कुणी ऐकेल अशी भीती होती तिला.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

मग तिने ओरडून सांगितलं.